माणसाचे पासिंग

भाड्याची गाडी चालवणाऱ्या माणसांच्या बोलण्यात 'पासिंग' हा शब्द जितक्या आदराने येतो, तितक्या आदराने कायद्यातला दुसरा कुठलाही शब्द येत नाही. गाडी पासिंगला न्यायची म्हणजे आधी दोन दिवस ती घरी उभी करायची, ब्रेकचे लायनर बघून घ्यायचे, गुळगुळीत झालेले टायर बदलायचे, फुटलेल्या इंडिकेटरची काच बसवायची, पुढे पांढरी आणि मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायची, गाडी धुऊन पुसून लख्ख करायची आणि मग ती इन्स्पेक्टरसाहेबांपुढे नेऊन उभी करायची. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी, गाडी रस्त्यावर चालवायला धड असल्याचे हे प्रमाणपत्र नव्याने घ्यावे लागते. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर काढताना चांगला ड्रायव्हर मनातून घाबरलेला असतो, कारण अशा गाडीला काही झाले तर विमाही हात वर करील हे त्याला पक्के ठाऊक असते.

ती गाडी चालवणाऱ्या माणसाचे पासिंग मात्र माझ्यासारख्यांच्या दवाखान्यात होते, आणि ते कसे होते हे मी आज लिहिणार आहे.

अंबाजोगाईत मी गेली २२ वर्षे दवाखाना चालवते. आमच्या गावाला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे मोठ्या आजाराचे रुग्ण तिकडे जातात आणि ताप, खोकला, शुगर, बीपी यांचे माझ्याकडे येतात. शिवाय येतात ते फॉर्मवाले. लायसन्सच्या कामासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र म्हणजे नमुना १-अ. खाजगी गाडीच्या लायसन्ससाठी ४० वर्षांपर्यंत अर्जदाराने स्वतःच स्वतःच्या प्रकृतीचे लेखी निवेदन दिले तरी चालते. वय त्यापुढे असेल किंवा वाहतुकीच्या वाहनाचे लायसन्स हवे असेल तर डॉक्टरची सही लागते. या नमुन्यात नजर विचारली आहे, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हातापायात असे काही व्यंग आहे का की ज्यामुळे गाडी चालवण्यात अडथळा येईल, हे विचारले आहे. खाली डॉक्टरने लिहून द्यायचे असते की या माणसाला मी स्वतः तपासले आहे.

मी तपासत होते. पण कसे, ते सांगायला हवे. ओपीडीच्या गर्दीत, दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, समोर उभ्या असलेल्या माणसाला भिंतीवरचा तक्ता वाचायला लावायचा, एकेक डोळा झाकून चार ओळी ऐकायच्या, मूठ वळून दाखव म्हणायचे, आणि सही करायची. पाच मिनिटे. अनेकांना मी वर्षानुवर्षे ओळखत होते, त्यांच्या लेकरांना लस मीच दिली होती, आणि ओळखीच्या माणसाला काय तपासायचे, हा विचार कधी मोठ्याने केला नसला तरी माझ्या हाताने तो केलेला होता. त्या सह्यांमध्ये खोटे एक अक्षर नव्हते, पण त्यांच्यामागे तपासणीही नव्हती.

हे मला कळले ते एका चपलेमुळे.

आईच्या छातीत दुखू लागले म्हणून एका रात्री तिला लातूरला हलवावे लागले. अशा वेळी आमच्या गल्लीत ज्यांना हाक मारली जाते त्या मामांनाच मी फोन केला. मामा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. तरुणपणी परळीच्या स्टँडवर काळी-पिवळी चालवली, मग कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली. कुणाचे बाळंतपण असो, कुणाची मुलगी लातूरला ट्यूशनला सोडायची असो, कुणाला तुळजापूर करायचे असो, मामांची गाडी ठरलेली. त्यांनी आईला अलगद आणि वेळेत पोचवले. तिचे दुखणे सुदैवाने हृदयाचे निघाले नाही. पहाटे आम्ही दोघेच परत निघालो, आणि रेणापूर ओलांडल्यावर एका टपरीवर त्यांनी चहासाठी गाडी थांबवली.

मामा गाडीतून उतरले, समोरून फिरून टपरीकडे चालत गेले, चहा सांगितला आणि बाकड्यावर बसले. मी मागून उतरले तेव्हा ड्रायव्हरच्या दाराजवळ, रस्त्याकडेच्या खडीवर त्यांची उजव्या पायातली चप्पल पडलेली होती. मला वाटले त्यांनी काढून ठेवली असेल. जवळ जाऊन पाहिले तर डाव्या पायात चप्पल होती आणि उजवा पाय खडीची धूळ माखलेला, उघडा. वीसेक पावले ते टोकदार खडीवरून एका पायाने अनवाणी चालत आले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"मामा, चप्पल कुठंय तुमची?"

त्यांनी खाली पाहिले, हसले आणि म्हणाले, "निसटती ताई ती अशीच. सैल झाली. नवी घ्यावं म्हणतो."

चप्पल सैल नव्हती. मधुमेहाच्या रुग्णांना विचारायचा आमच्या शिक्षणातला अगदी पहिल्या धड्याचा प्रश्न आहे तो: चालताना चप्पल पायातून निघून जाते आणि कळत नाही, असे होते का? रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की सगळ्यात लांबच्या मज्जातंतूंना आधी इजा होते, आणि शरीरातले सगळ्यात लांब तंतू पावलांपर्यंत जाणारे असतात. आधी मुंग्या येतात, मग तळव्यांची आग होते, आणि मग ती आग थांबते. ती थांबली की माणसाला बरे वाटते; खरे तर तेव्हा पाय मुका झालेला असतो.

उरलेल्या रस्त्यात मी पुढच्या सीटवर बसले होते आणि माझी नजर रस्त्यावर नव्हती. मी त्यांचा उजवा पाय बघत होते. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर आणि ब्रेकवरून परत. तीस वर्षांच्या सवयीने तो पाय बरोबर जागेवर जात होता, पण आपण किती दाबतो आहोत हे त्या पायाला सांगता येत नव्हते, आणि कधी एखाद्या दिवशी तो अर्धा ब्रेकवर आणि अर्धा ॲक्सिलरेटरवर पडला असता तर तेही त्याला कळले नसते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावून घेतले. दहा ग्रॅम जोराने वाकणारा नायलॉनचा एक बारीक धागा असतो. डोळे मिटायला सांगून तो तळव्यावर एकेका जागी टेकवायचा आणि 'लागलं का' विचारायचे. डाव्या पायाला दोन जागी लागले. उजव्या पायाला एकाही जागी नाही. ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला, त्याची थरथर त्यांना जाणवली नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ११ च्या वर आला. शुगर आहे हे त्यांना नऊ वर्षांपासून माहीत होते, आणि जड वाटू लागले की मेडिकलवरून जुन्या चिठ्ठीवरची गोळी ते घेत असत. मी फाइल काढली. त्यांच्या नमुना १-अ वर माझी सही अकरा महिन्यांपूर्वीची होती.

त्या कागदातले प्रत्येक उत्तर आजही बरोबर ठरेल. नजर ठीक होती, कान ठीक होते, हातपाय धड होते. त्यात साखर विचारलेली नाही, रक्तदाब विचारलेला नाही, झोप विचारलेली नाही. पण हातापायांची तपासणी विशेष लक्ष देऊन केली, असे मी खाली लिहून दिले होते, आणि ते लक्ष मी दिलेले नव्हते.

मामांना गाडी थांबवा असे सांगणे मला जमले, पण नीट जमले नाही. मी डॉक्टर म्हणून बोलले, आणि त्यांनी ते दार बंद झाल्यासारखे ऐकले. "गाडीचा हप्ता तुमी भरता का ताई?" एवढे विचारून ते उठले. पुढचे दोन महिने ते माझ्या दवाखान्यावरून मान न वळवता गाडी घेऊन जात राहिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार आजारामुळे माणूस गाडी चालवण्यास अपात्र आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी त्याच्याकडे केव्हाही नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतात. पण त्यांच्यापर्यंत ते कारण पोचवायचे कुणी? तसे कळवण्याचे बंधन माझ्यावर नाही, आणि रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन आहे. त्या दोन महिन्यांत मी किती रात्री त्या पायाचा विचार करत जागी राहिले, ते लिहीत नाही.

तेव्हापासून फॉर्म घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी बसवून घेते आणि विचारते, आणि जे ऐकायला मिळते त्याने माझी झोप आणखी कमी झाली आहे. ऑक्टोबरात एक तरुण गृहस्थ आले. नवरात्रात तुळजापूरच्या फेऱ्या करणारे. नऊ दिवसांचा उपवास, पायात चप्पल नाही, दिवसाला दोन-दोन फेऱ्या, आणि सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र न चुकता, कारण डॉक्टरांनी 'गोळी चुकवू नका' असे सांगितलेले. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. उपाशीपोटी साखर घसरू लागली की आधी घाम येतो, हात थरथरतात, आणि मग मेंदूला साखर कमी पडून माणूस गोंधळतो. समोरचे वळण दिसते पण त्याचे काय करायचे ते सुचत नाही. त्यांना अशी थरथर दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा त्यांनी ती देवीच्या वाऱ्याची खूण समजली होती. गाडीत मागे अकरा माणसे बसलेली असताना. गाडी चालवण्याआधी साखर ९० च्या खाली असेल तर आधी खायचे आणि मगच चाक हातात घ्यायचे, डॅशबोर्डमध्ये खडीसाखरेची पुडी कायम ठेवायची, उपवास करायचाच असेल तर गोळीचे आधी डॉक्टरांना विचारायचे, एवढ्या तीन गोष्टी त्यांना कुणी सांगितलेल्या नव्हत्या. त्यांनी कुणाला विचारल्याही नव्हत्या, कारण विचारले तर लायसन्स जाईल ही भीती.

अशा माणसाच्या हातून काही घडले तर कागदावर काय येईल तेही मला ठाऊक आहे: 'भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून'. पोलिसांच्या फिर्यादीतले हे वाक्य ठरलेले असते. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली असे सरकारचीच आकडेवारी सांगते, आणि त्यातल्या किती ठिकाणी स्टिअरिंगमागच्या माणसाची साखर घसरली होती, किती जणांना काचबिंदूने बाजूचे दिसत नव्हते, किती जण बसल्या जागी झोपले होते, हे त्या रकान्यांतून वेगळे काढता येत नाही. जे मोजले जात नाही त्याची तपासणीही कुणी मागत नाही.

झोपेविषयी तर मला हात जोडून सांगावेसे वाटते. आमच्या भागातून पुण्याकडे जाणारी गाडी रात्री निघते. सकाळी दवाखाना गाठायचा असतो, मुलाखत असते, नाहीतर दिवसाचे दोन्ही प्रवास एका भाड्यात बसवायचे असतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात तेव्हा रस्त्यावर रात्री किती वाहने असतात ते बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीराचे घड्याळच माणसाला झोपेकडे ओढत असते, आणि त्यात ड्रायव्हरची मान जाड असेल, तो मोठ्याने घोरत असेल, घोरता घोरता श्वास थांबून दचकून जागा होत असेल, तर त्याची झोप घरीही पुरी होत नसते. आठ तास अंथरुणावर पडूनही तो सकाळी थकलेला उठतो. या विकाराला उपचार आहे, पण त्यासाठी आधी त्याच्या बायकोला विचारावे लागते, कारण घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे माहीत नसते. मी आता फोन लावून विचारते. "वहिनी, रात्री श्वास अडकतो का यांचा?" हा प्रश्न ऐकून पलीकडे जी शांतता पसरते, ती मला पुरेशी असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत सुमारे ९० मीटर पुढे जाते. 'डोळा लागला' असे आपण ज्याला म्हणतो तो एवढाच असतो. सर्दी झाली म्हणून मेडिकलवरून घेतलेल्या साध्या गोळीनेही तो लागू शकतो, आणि ती गोळी देताना 'गाडी चालवता का' असे विचारणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे.

कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने, २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेईपर्यंत, दिवसाला आठ तास ठरवून दिले होते; पण तो पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या व्यवसायाला लागू होता. मामांसारखा स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर असलेला माणूस त्यात कुठेच बसत नव्हता. लायसन्सचेही तसेच झाले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने वाहतूक वाहनांच्या लायसन्सची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि नंतर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असे ठरवले, की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे वाहतुकीचे वाहन चालवायला वेगळ्या नोंदीची गरज नाही. न्यायालयापुढचा प्रश्न विम्याच्या भरपाईचा होता आणि अपघातग्रस्तांच्या बाजूने तो सुटला, याचे मला समाधानच आहे. पण एक डॉक्टर म्हणून मला त्याची दुसरी बाजू दिसते. तिशीच्या आत साधे लायसन्स काढलेला मुलगा स्वतःच्याच निवेदनावर चाळिशीपर्यंत टॅक्सी चालवू शकतो, आणि आमच्या भागात मधुमेह तर हल्ली पस्तिशीतच दार ठोठावतो. ब्रिटनमध्ये बस आणि ट्रक चालवणाऱ्यांना ४५ नंतर दर पाच वर्षांनी आणि ६५ नंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते, आणि तिथल्या अनेक नगरपालिका हाच कडक नियम टॅक्सीवाल्यांनाही लावतात. आपल्याकडे गाडीला जे दर दोन वर्षांनी लागते ते माणसालाही लावावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पण नुसता नियम कडक करून भागणार नाही, हे मला मामांनी शिकवले. मी सही नाकारली तर माणूस दुसऱ्या दवाखान्यात जातो आणि तिथे त्याचे काम 'होऊन जाते'. जाताना तो आपला आजारही लपवायला शिकून जातो. तपासणी करणाऱ्या हातानेच उपचार सुरू केले पाहिजेत, आणि 'अपात्र' या शब्दाआधी 'तीन महिन्यांनी परत या' हा शब्द आला पाहिजे. वाढलेली साखर उतरते, मोतिबिंदू काढता येतो, चष्म्याचा नंबर बदलता येतो, श्वास अडकणाऱ्याला यंत्र मिळते. कायमचे थांबावे लागणारे त्यात थोडे असतात, आणि त्यांच्यासाठीच कर्जाची मुदत वाढवून देणे, परमिट घरातल्या दुसऱ्याच्या नावावर करून देणे अशा सवलती मागायला हव्यात. तीस वर्षांवरील प्रत्येकाची शुगर-बीपी तपासायला आशाताई घरोघर फिरतात, पण त्या येतात तेव्हा ड्रायव्हर घरी नसतो. तो स्टँडवर नंबर लावून बसलेला असतो. ती तपासणी स्टँडवर गेली पाहिजे, आणि जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानापुरती नव्हे. गेल्या वर्षापासून महिन्यातला एक रविवार मी तिथे एक टेबल मांडते. पहिल्या रविवारी चार जण आले, आणि तेही चहा प्यायला.

मामा दोन महिन्यांनी परत आले ते उजव्या टाचेला फोड घेऊन. जुन्या गाडीच्या तापलेल्या पत्र्याला टाच टेकून भाजली होती, आणि रात्री बायकोने पाय दाबताना ओले लागले म्हणून पाहिले. जखम भरायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत रोज पट्टी बदलताना आम्ही जे बोललो ते मी पहिल्याच दिवशी बोलायला हवे होते. गाडी त्यांनी विकली नाही, पुतण्याला बसवला. फाटकाजवळ ते एक खुर्ची टाकून बसतात आणि भाडे ठरवतात.

दवाखान्याच्या पायरीपासून २५ मीटर मी टेपने मोजून घेतले आहेत. ते रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या झाडाशी भरतात. तिथे बुंध्यावर चुन्याचा पट्टा मारला आहे आणि त्याच्याशेजारी कुणाची तरी गाडी कायम उभी असते. परवा मामा पुतण्याला घेऊन आले. माझ्याकडे यायच्या आधीच त्यांनी त्याला पायरीवर उभा केला, त्याच्या एका डोळ्यावर स्वतःचा तळहात ठेवला आणि म्हणाले, "वाच." त्याने एमएच ४४ झटकन वाचले, पुढचे आकडे थोडे थांबून, आणि शेवटचा आकडा आठ सांगितला. तो तीन होता. मामांनी माझ्याकडे पाहिले. मी नेत्रतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली, आणि फॉर्म सही न करता ड्रॉवरमध्ये ठेवला.